आठ सेंटीमीटर

खांबाच्या झाकणावर अंगठ्याचा ठसा होता. वाळलेल्या चिखलाचा, झाकणाच्या उत्तरेच्या कडेला, स्क्रूपासून दोन बोटं आत. ठसा रुंद होता आणि त्याच्या उजव्या अंगाला, जिथं नखाची कड येते, एक बारीक फट उमटली होती. रेणूनं ओल्या फडक्यानं ठसा पुसायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. मंगळवारी तिनं हे झाकण स्वतः पुसलं होतं. आज शुक्रवार.

खांबाचा नंबर एकोणीस. खांब कसला, कमरेएवढा पांढरा पाइप. वर डबा, डब्यात बॅटरी, खाली बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात रोवलेली जाळीची नळी. नळीत पाणी किती चढलं-उतरलं ते डब्यातलं यंत्र दर अर्ध्या तासानं मोजायचं आणि शेजारच्या खांबाला कळवायचं, तो पुढच्याला. असं हातोहात ते तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे मातीच्या बांधावरच्या, मोठ्या खांबापर्यंत जायचं आणि तिथून सोसायटीच्या खोलीतल्या पाटीवर. कवडीटोल्याच्या तलावाखाली असे चोवीस खांब होते. पाटीवर ज्याचा आकडा कमी, त्याच्या बांधीकडे पाणी वळायचं.

एकोणीसचा आकडा आठ होता. आठ सेंटीमीटर पाणी. रेणूनं फोनवर पुन्हा पाहिलं, मग पायाखाली. बांधीत पाणी नव्हतं. चिखल आवळत चालला होता, आणि कडेला बोट जाईल एवढी पहिली भेग पडली होती. धान पोटरीतून नुकतं बाहेर येत होतं. लोंब्या अजून पानाच्या कुशीतच होत्या.

"पाह्यलं काय वो मॅडम?" बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून शकुनबाईंचा आवाज आला. बांधी त्यांची. लुगड्याचा ओचा खोचलेला, हातात विळा. "तुहा हिरवा बल्ब रोज सकाळी जळते. अन् माहा धान रोज सकाळी मरते."

"बल्ब म्हणजे खांब जिवंत आहे, काकू. पाण्याचा आकडा वेगळा असतो."

"मंग आकडा काय म्हनते?"

रेणूनं फोन पुढं केला. "आठ."

शकुनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाय उचलून टाच बांधीत आपटली. चिखलाचा कोरडा आवाज झाला. "हे आठ आहे काय? तुह्या कॉलेजात असंच मोजतात काय?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी काई तुले नाही म्हनत. पन कोन येते इकडं रोज पाहाटं, ते तुले माईत असन. तुह्याच घरचं मानूस आहे."

रेणूनं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. ठसा तिनं पुसला नाही.

घरचं माणूस म्हणजे तिचा सासरा, भोजराज. तीस वर्षं या तलावाचं पाणी त्यानं वाटलं होतं. पाळीवर उभं राहून तो एकेकाच्या नावानं हाळी द्यायचा, "ओ नंदलाल, आली तुही पाळी!", मग गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून पाणी सोडायच्या दाराची, तुडुमाची मेख ओढायचा आणि पाट धरून शेवटच्या बांधीपर्यंत चालत जायचा. सुगीला प्रत्येक घरून कुडवभर धान मिळायचं. पण त्याहून मोठं म्हणजे भोजराज बोलला ते पाणी, असं गावात होतं. मागच्या साली नागपूरच्या एका संस्थेचा प्रकल्प आला, खांब आले, पाटी आली. सोसायटीचा अध्यक्ष नंदलाल म्हणाला, "आता मानसाच्या डोळ्याचा भरोसा नाही, मशीनचा." भोजराजचा गुडघा तेव्हाच गेला होता, म्हणून कोणाला वाईट वाटून घ्यावं लागलं नाही. आणि खांबांची देखभाल करायला बी.एस्सी. झालेलं माणूस हवं होतं, ते त्याच घरात निघालं. भंडाऱ्याच्या विणकराची मुलगी, भोजराजची सून.

भोजराजच्या उजव्या अंगठ्याचं नख मेखेखाली सापडून कधीकाळी फाटलं होतं. ते तसंच वाढलं.

सांजच्याला चुलीपुढं सासू चंद्रकला भाकरी थापत होती. भोजराज ओट्यावर पाय लांब करून गुडघ्याला करंजाचं तेल चोळत होता. रेणूनं त्याचे हात पाहिले. नखांच्या मुळाशी करडा चिखल होता, खालच्या बांध्यांचा. त्यांच्या स्वतःच्या बांधीची माती तांबूस होती.

"मामाजी, आज कुठं गेले होते?"

"कुठं जातो बापा. फिरून आलो."

"खालच्या अंगाला?"

तेलाचा हात थांबला. चंद्रकलेनं मान वळवून सुनेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "जाते ना तिकडंच. तीस वर्साचे पाय आहेत, घरी बसत नाहीत. तुले काहून पाह्यजे?"

"काही नाही, आई. सहज."

"सहज," चंद्रकला म्हणाली आणि भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली. "या घरात आता सगळेच सहज इचारून राहिले. सकाळी नंदलालची बायको नळावर इचारत होती, सहज. 'भोजराजभाऊ खांबापाशी काय करतेत वो?' मी म्हनलं, मुतत असतीन."

भोजराज खो-खो हसला. रेणूला हसू आलं नाही. नळीत तांब्याभर पाणी ओतलं तर आकडा चढतो, हे तिला ठाऊक होतं. बांधी कोरडी आणि पाटीवर आठ. खांब खोटे ठरले की पाळीवर पुन्हा माणूस लागेल. आणि गावात असं माणूस एकच.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच निघाली. दव इतकं पडलं होतं की साडीची कड पोटऱ्यांना चिकटत होती. भोजराज पुढं शंभर पावलांवर चालला होता, उजवा पाय बाहेर फेकत, हातात पळसाची काठी. सतरा नंबर, अठरा. तो वळून पाहत नव्हता. रेणू मोहाच्या झाडाआड थांबली आणि सासऱ्यावर पाळत ठेवण्याची तिला लाज वाटली. पण ती हलली नाही.

एकोणीसपाशी त्यानं काठी बांधीत उभी केली, वाकून पाहिली, काढली. कमरेच्या चाकूनं काठीवर काहीतरी कोरलं. मग धुऱ्याच्या कडेनं हात फिरवत गेला आणि एका जागी बसला. बसायलाच त्याला किती वेळ लागला! डावा गुडघा आधी, मग हात, मग उजवा पाय लांब. धुऱ्यात खेकड्याचं बीळ होतं. त्यानं मूठभर चिखल घेतला, गवताची जुडी वळून बिळात दाबली, वरून चिखल थापला, तळव्यानं सारवल्यासारखा गुळगुळीत केला. परक्याच्या बांधीतलं परक्याचं बीळ.

मग उठायची वेळ आली. काठी ओल्या मातीत घसरली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, हात वर केला आणि खांबाच्या डब्यावर सगळा भार देऊन उठला. अंगठा झाकणाच्या उत्तरेच्या कडेला.

म्हणजे ठसा उठतानाचा होता. तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून नंदलाल आला. अंगात स्वेटर, हातात फोन समोर धरलेला.

"घावला!" नंदलाल ओरडला. "काढला मी फोटो. भोजराजभाऊ, खांबाले हात कायले लावता?"

"उठत होतो गा."

"उठाले सोसायटीचा खांबच भेटला? धुरा नाही, झाड नाही?"

"गुडघा नाही राह्यला, नंदलाल."

"गुडघा नाही राह्यला, पन खोड राह्यली." नंदलालनं फोन खिशात घातला. "अठरा ते चोवीस, सातही बांध्या वाळल्या. पाटीवर सातही भरेल आहेत. अन् रोज पाहाटं तुमी इथं. आता माह्या जागी तुमी असते तर काय समजले असते?"

भोजराजनं अंगठ्याचा चिखल धोतराला पुसला. "तुह्या जागी असतो तं बांधी पाह्यली असती. पाटी नसती पाह्यली."

"तेच तं. पाटी पडावी, हेच पाह्यजे तुमाले. सोमवारी तुडुमावर या. सगळ्या गावासमोर बोलू."

तो गेला. रेणू झाडाआडून बाहेर आली. भोजराजनं तिला पाहिलं आणि विचारलं नाही की तू इथं कशी.

"चाल," एवढंच म्हणाला. "दव लागन."

ती त्याच्या मागून चालली. काठी आता तिच्या डोळ्यांसमोर हलत होती. तिच्यावर खाचा होत्या. एक आडवी, खोल. तिच्याखाली सारख्या अंतरानं सात. सातवीच्या पुढं, तळाशी, पाच नुसते ओरखडे.

"हे काय मामाजी?"

"शकुनबाईचं पानी. रोजचं." त्यानं काठी फिरवून दाखवली. "हे वरची खाच पाऊस गेला त्या दिसाची. मंग रोज येवढं-येवढं उतरलं. सात दिसात आटलं. मंग नुसती माती."

रेणूनं काठी हातात घेतली आणि करंगळीनं खाचांमधलं अंतर मोजलं. सेंटीमीटर, वर थोडंसं. वरच्या खाचेपासून सातव्या खाचेपर्यंत आठ. तिच्या पाटीवर बारा दिवसांपासून होतं तेच आठ. ती चालता चालता थांबली.

घरी येऊन तिनं हात धुतले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरचा सरलेल्या भाद्रपदाचा कागद फाडला आणि मागं मांडणी केली. दिवसाला बारा मिलिमीटर. दिवसात अठ्ठेचाळीस अर्धे तास. दर अर्ध्या तासाला पाव मिलिमीटर.

पाव. तिनं तो आकडा दोनदा गिरवला.

आषाढात बॅटऱ्या दीड महिन्यात संपत होत्या. मोजायला यंत्राला मुंगीएवढी ताकद लागते, पण बोलायला बैलाएवढी. आणि वरचे खांब तर खालच्यांचं पुढं कळवत बोलतच राहायचे. मांडीएवढ्या चिखलातून चोवीस बॅटऱ्या बदलत फिरताना रेणूच्या पायाला चिखल्या झाल्या होत्या. प्रकल्पाचे कुंदनसर फोनवर म्हणाले होते, "बॅटरी टिकवायचं काहीतरी सुचवा मॅडम, नाहीतर पुढच्या वर्षी प्रकल्पच नाही." तिनंच सुचवलं. खांबानं आत्ताचा आकडा आधीच्या अर्ध्या तासाच्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक अर्ध्या सेंटीमीटरहून कमी असेल तर गप्प बसावं. सकाळी एकदा फक्त 'जिवंत आहे' एवढं सांगावं, आकड्याशिवाय. खांब गप्प, तर पाटीवर जुनाच आकडा राहील.

पावसात ते झकास चाललं. पाऊस पडला की पाणी चढायचं ते बोटानं, हातानं. खांब लगेच बोलायचे. वरच्या बांध्यांतून पाट वाहायचा, तिथं अजूनही चालत होतं. बॅटऱ्या अडीच महिने टिकल्या. नागपूरच्या बैठकीत सरांनी तिचं नाव घेतलं. पक्क्या नोकरीचा कागद दिवाळीआधी निघणार होता.

पण खालच्या सात बांध्यांत पाटाचं पाणी पोचलंच नव्हतं. तिथं पाणी फक्त उतरत होतं, हळूहळू. दर अर्ध्या तासाला पाव मिलिमीटर. प्रत्येक वेळी खांबानं मागच्या आकड्याकडं पाहिलं, फरक नगण्य धरला आणि गप्प बसला. अर्धा तास, अर्धा तास करत अख्खी बांधी आटली. ताडायला हवं होतं ते शेवटी कळवलेल्या आकड्याशी. एवढंच. एका ओळीची चूक.

तिनं कुंदनसरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाच "अरे" म्हणाले.

"सर, आज बदलायला पाहिजे."

"लॅपटॉप माझ्याकडं आहे, मी सोमवारी येतोच. पण मॅडम, तोवर कोणाशी बोलू नका. अडीच महिन्यांचा आकडा अहवालात गेलाय. शांतपणे बदलू. कोणाला कळायची गरज नाही."

"सात बांध्या वाळल्यात, सर."

"म्हणून तर म्हणतो. आत्ता कबूल केलं तर ते तुमच्या एकटीच्या नावावर जाईल."

तुमच्या एकटीच्या. सुचवा म्हणणारा कोण होता? तिनं फोन ठेवला.

नवरा पिंटू जवाहरनगरला कारखान्याच्या कँटीनमध्ये ठेक्यावर होता. त्याला फोन लावला, तर मागं भांड्यांचा आवाज येत होता. "तू चूप राय," तो म्हणाला. "नोकरी पक्की होऊन राहिली ना तुही? मंग. बाबाले काय होते? दोन शब्द आयकतीन. त्यायले सवय आहे."

"त्यांना सवय नाही, पिंटू."

"मंग मले काहून इचारते? तुले जे कराचं ते करशीनच."

रविवार आला. रेणूनं ठरवलं की सकाळी सांगायचं. सकाळी चंद्रकला नळावरून रिकामी घागर घेऊन परत आली, कारण बायकांनी तिला पुढं येऊ दिलं नव्हतं. ठरवलं की दुपारी. दुपारी ती नंदलालच्या दारापर्यंत गेली. आत रेडिओ चालू होता, ती उंबऱ्याबाहेरून परतली. वाटेत भेटलेले दोघं तिच्याशी बोलता बोलता बोलायचे थांबले. सांजच्याला ती एकटी एकोणीसपाशी गेली. भेग आता तळव्याएवढी रुंद होती. लोंब्या बाहेर आल्या होत्या. तिनं एक दाणा नखानं दाबला. दूध नव्हतं.

परत आली तर विहिरीपाशी भोजराज बैलाला पाणी पाजत होता. त्यानं बादली खाली ठेवली.

"पोरी, खांब खोटं नाही बोलत," तो अचानक म्हणाला. "मले पाच दिसाआधी समजलं. मी नळीत काडी घालून पाह्यली, कोरडी. तरी बल्ब हिरवा. म्हनजे याले ठावं आहे, पन याले बोलाची मनाई आहे."

रेणू एक पाऊल पुढं आली. "कोणाची मनाई, ते पण समजलं?"

"समजलं." त्यानं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "तू पावसात पाय नासवून फिरत होती, ते मीनं पाह्यलं. मंग फिरनं बंद झालं. तवाच काई केलं असन."

"तुम्ही नंदलालभाऊंना का नाही सांगितलं?"

"सांगून पाह्यलं. बांधीत पानी नाही म्हनलं. तो म्हने, पाटी पाहा." मग तो म्हणाला, "बाकीचं मी सांगाचं नव्हतं."

आणि बादली उचलून गोठ्यात गेला.

सोमवारी सकाळी नवाला तुडुमाजवळ पाळीवर पन्नासएक माणसं जमली. तलावात पाणी होतं, कमळाच्या पानांपर्यंत, शांत. खाली सात बांध्या करड्या दिसत होत्या. कुंदनसरांची गाडी आली नव्हती. नंदलालनं फोनमधला फोटो सगळ्यांत फिरवला. म्हाताऱ्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"मी पंचायतीत नाही नेत," नंदलाल म्हणाला. "गावची रीत आहे. पान्याची तकरार पान्यावर मिटवा. भोजराजभाऊ, ओंजळीत तलावाचं पानी घ्या अन् म्हना, 'खांबात माहा हात नाही.' पटलं आमाले. पान्याची पाळी बी नाही तोडत, दंड बी नाही."

रीत जुनी होती. ओंजळ भरून खोटं बोललेल्याच्या बांधीत पाणी टिकत नाही, असं मानत. आजवर दोनदाच कोणावर ही वेळ आली होती.

भोजराज पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर वाकणं त्याला जमेना. कोणी हात दिला नाही. त्यानं ओंजळ भरली. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं.

"म्हना," नंदलाल म्हणाला.

भोजराजनं ओंजळीतल्या पाण्याकडं पाहिलं.

"म्हना ना भाऊ! काहून अडले?"

"मी म्हनलं," भोजराज हळू म्हणाला, "तं तू इचारशीन, मंग कोनाचा."

"मंग? इचारनारच!"

भोजराजनं ओंजळ उघडली. पाणी तलावात पडलं. "मंग राहू दे."

पाळीवर गलका झाला. "पाहा, पाहा!" "सोडलं पानी!" शकुनबाई मोठ्यानं म्हणाल्या, "माहा धान मारला याईनं, अन् मी याले भाऊ म्हनत होतो बापा." कोणीतरी भोजराजची पाळी तोडायला सांगितलं. कोणी म्हणालं, पाळीच कायले, तलावावर येनंच बंद करा. चंद्रकला गर्दीच्या कडेला खाली बसली, पदर तोंडात धरून.

रेणूच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर कुंदनसरांचं नाव होतं. तिनं तो वाजू दिला. वाजून थांबला. मग ती गर्दीतून पुढं आली. बायका बाजूला झाल्या, काही मायेनं, काही अंग चोरून. पायऱ्या शेवाळानं निसरड्या होत्या. सासऱ्याच्या शेजारून ती एक पायरी आणखी खाली उतरली. पाणी घोट्याला लागलं, थंड. भोजराजनं मान हलवली, नको म्हणून, इतकी थोडी की फक्त तिलाच दिसावी.

"सूनबाई, तुमचं काय काम इथं?" नंदलाल म्हणाला. "मशीनचं इचारू तवा सांगा."

रेणू वाकली. दोन्ही हात पाण्यात घालून तिनं ओंजळ भरली आणि वर, पाळीकडं तोंड करून उभी राहिली. बोटं तिनं घट्ट जुळवली होती, पाणी गळत नव्हतं. पाळीवरचा गलका विरत गेला.

"मामाजींनी उठायला खांब धरला," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "खालचे खांब गप्प आहेत ते माझ्यामुळं. बॅटरी वाचावी म्हणून मी त्यांना बोलायचं बंद केलं."